जिथे रस्ते नव्हते तिथला सेनापती

१९६२च्या जुलै महिन्यात एक सोव्हिएत सेनाधिकारी क्युबाची राजधानी हवाना इथे दाखल झाला. कागदोपत्री त्याचं नाव होतं इव्हान अलेक्सांद्रोविच पाव्हलोव्ह. खरं नाव इस्सा अलेक्सांद्रोविच प्लियेव. पुढच्या तीन महिन्यांत त्याच्या हाताखाली बेचाळीस हजारांच्या आसपास सैनिक, मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं, बॉम्बफेकी विमानं आणि दीडशेच्या घरात अण्वस्त्रं जमा झाली. जग अणुयुद्धाच्या सर्वांत जवळ गेलं ते त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. त्या दिवसांत क्युबाच्या भूमीवर हजर असलेला सर्वांत वरिष्ठ सोव्हिएत सेनापती म्हणजे हे प्लियेव. आणि त्यांच्या उमेदीची सगळी वर्षं गेली होती घोडदळात.

केनेडी, ख्रुश्चेव्ह, कॅस्ट्रो ही नावं आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. प्लियेव यांचं नाव मराठीत क्वचितच कुणी लिहिलं असेल. खरं तर दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत घोडदळाची गोष्ट सांगायची तर ती त्यांच्याइतकी सलगपणे दुसऱ्या कुणाच्या कारकिर्दीतून सांगता येत नाही. मॉस्कोपासून स्टालिनग्राड, ओडेसा, बेलारूस, हंगेरी आणि थेट गोबीच्या वाळवंटापर्यंत हा माणूस घोडदळ घेऊन गेला.

प्लियेव यांचा जन्म १९०३ सालचा, उत्तर कॉकेशसमधल्या बाताकोयुर्त गावातला. घर शेतकऱ्याचं, वंश ओसेती. ओसेती लोक कॉकेशस पर्वताच्या दोन्ही अंगांना राहतात, इराणी कुळातली भाषा बोलतात आणि झारच्या काळापासून सैन्यात नाव काढत आले आहेत. प्लियेव १९२२मध्ये लाल सेनेत भरती झाले. यादवी युद्ध तोवर निकालात निघालं होतं, पण बुद्योन्नी यांच्या पहिल्या घोडदळ सेनेचा दबदबा शिगेला होता. देश अफाट, आघाडी विरळ आणि रेल्वेमार्ग मोजके अशा त्या लढाईत घोड्यावरून येणारी फौज निर्णायक ठरली होती. चार घोड्यांच्या हलक्या गाडीवर मशिनगन बसवलेली ‘ताचांका’ याच काळात गाजली. त्यामुळे सोव्हिएत सैन्यात घोडदळाची प्रतिष्ठा युरोपातल्या इतर सैन्यांपेक्षा कितीतरी जास्त काळ टिकली. मार्शल झुकोव्ह आणि रोकोसोव्स्की हेसुद्धा मुळात घोडदळातलेच.

पुढची वीस वर्षं प्लियेव यांनी शिकण्यात आणि शिकवण्यात घालवली. १९२६मध्ये ते लेनिनग्राडच्या घोडदळ विद्यालयातून बाहेर पडले. नंतर काही वर्षं क्रास्नोदारच्या घोडदळ विद्यालयात शिक्षक होते, आणि १९३३मध्ये फ्रुंझे अकादमी पूर्ण केली. १९३६ ते १९३८ या काळात त्यांची नेमणूक मंगोलियात झाली. उलानबातरमध्ये मंगोल अधिकाऱ्यांना शिकवण्याचं काम होतं. मंगोल घोडेस्वार, त्यांची बुटकी काटक घोडी, पाण्याविना मैलोन्‌मैल पसरलेला गवताळ आणि वाळवंटी मुलूख हे सगळं त्यांनी तेव्हा जवळून पाहिलं. सात वर्षांनी या ओळखीचा उपयोग होणार होता. १९४१मध्ये जनरल स्टाफ अकादमीचा अभ्यासक्रम संपला आणि त्याच उन्हाळ्यात जर्मनीने हल्ला केला.

तोपर्यंत सोव्हिएत घोडदळ बरंच आटलं होतं. तिशीच्या दशकात रणगाडे वाढले तशा घोडदळाच्या डिव्हिजन मोडल्या गेल्या, आणि युद्धाला तोंड फुटलं तेव्हा जेमतेम तेरा उरल्या होत्या. पण पहिल्या काही आठवड्यांतच हजारो रणगाडे आणि ट्रक जर्मनांच्या हाती गेले किंवा जळून खाक झाले. नव्या यंत्रांना वेळ लागणार होता. माणसं आणि घोडी मात्र लगेच मिळत होती. म्हणून कुबान आणि डॉन नद्यांच्या खोऱ्यांतून आणि मध्य आशियातून हलक्या घोडदळ डिव्हिजन उभारायला सुरुवात झाली, आणि वर्षअखेर त्यांची संख्या ऐंशीच्या वर गेली. प्रत्येकीत साधारण तीन हजार स्वार. प्लियेव यांच्याकडे कुबान भागात उभारलेली ५० वी घोडदळ डिव्हिजन आली.

घोडदळ म्हटलं की तलवारी उपसून दौडत जाणारे स्वार आपल्या डोळ्यांपुढे येतात. १९४१चं घोडदळ तसं लढत नव्हतं. घोडा हे त्याचं वाहन होतं. पलटण रात्री घोड्यावरून तीस-चाळीस किलोमीटर मजल मारायची, पहाटे झाडीत थांबायची आणि लढाईची वेळ आली की स्वार खाली उतरायचे. दर तीन-चार स्वारांमागे एकजण मागे राही. सगळ्यांचे लगाम हातात घेऊन तो घोडी ओढ्यात किंवा दाट झाडीत नेऊन सांभाळत बसे. बाकीचे रायफली, मशिनगन आणि हातबॉम्ब घेऊन पायदळासारखे लढत. काम उरकलं की पुन्हा खोगिरावर आणि शत्रूला पत्ता लागायच्या आत दुसरीकडे. घोडी सांभाळणाऱ्यांवर तोफेचा मारा झाला तर अख्खी पलटण पायी पडे, आणि शत्रूच्या मुलखात पायी पडणं म्हणजे जवळजवळ मरण. म्हणून चांगला घोडदळ अधिकारी लढाईची जागा निवडताना आधी घोडी कुठे लपतील ते पाहत असे.

या लढाईच्या तऱ्हेत एक ताकद होती आणि एक मोठी दुबळी बाजू. ताकद ही की घोड्याला सडक लागत नाही, पेट्रोल लागत नाही, जंगल, दलदल, बर्फ, चिखल यांतून तो वाट काढतो. दुबळी बाजू ही की उघड्या मैदानावर मशिनगन आणि विमानं यांच्यापुढे त्याचा टिकाव लागत नाही. प्लियेव यांच्या कारकिर्दीकडे मी याच नजरेने पाहतो. रस्ते संपत तिथून त्यांचं खरं काम सुरू होई.

पहिला मोठा प्रसंग ऑगस्ट १९४१मधला. ल्येव्ह दोवातोर यांच्या नेतृत्वाखाली ५० वी आणि ५३ वी अशा दोन डिव्हिजन एकत्र करून जर्मन आघाडीच्या मागे घुसवण्यात आल्या. तोफा आणि सामानाच्या गाड्या मागे ठेवल्या, धडधाकट घोडी निवडली आणि सुमारे तीन हजार स्वार स्मोलेन्स्कच्या उत्तरेकडच्या जंगल-दलदलीतून दुखोव्श्चिनाच्या बाजूला गेले. आठवडाभराहून जास्त काळ त्यांनी तिथल्या जर्मन तुकड्या, ट्रकांचे तांडे आणि दळणवळणाची ठाणी उद्ध्वस्त केली आणि परत आले. नुकसान किती झालं याचे आकडे दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने मांडले. महत्त्वाचं हे की सगळीकडून माघारीच्या बातम्या येत असताना सोव्हिएत फौज शत्रूच्या पाठीमागे जाऊन परत येऊ शकते हे दिसलं.

नोव्हेंबरात लढाई मॉस्कोच्या दारात आली. व्होलोकोलाम्स्कच्या हमरस्त्यावर रोकोसोव्स्कींच्या १६ व्या सेनेत दोवातोर यांचं घोडदळ पायी उतरून लढत, एकेक गाव सोडत मागे येत होतं. घोडदळाचा दुरुपयोग झाला की काय होतं याचं भयंकर उदाहरणही याच आघाडीवर घडलं. १७ नोव्हेंबरला मुसिनो गावाजवळ मध्य आशियातून नुकतीच आलेली ४४ वी घोडदळ डिव्हिजन उघड्या बर्फाळ शेतातून जर्मन तोफांवर चालून गेली आणि थोड्या वेळात कापली गेली. जर्मनांनी दिलेले मृतांचे आकडे वादग्रस्त आहेत, पण त्या हल्ल्याचा शेवट वादग्रस्त नाही. प्लियेव यांची डिव्हिजन त्याच सेनेत, त्याच आठवड्यांत लढत होती, आणि ती टिकली. नोव्हेंबरच्या अखेरीस तिला ‘गार्ड’ हा बहुमान मिळून ती ३ री गार्ड घोडदळ डिव्हिजन झाली.

डिसेंबरात सोव्हिएत प्रतिहल्ला सुरू झाला. थंडी शून्याखाली तीस अंशांपर्यंत गेली होती. अशा थंडीत जर्मन ट्रकांची इंजिनं गोठत. घोड्यांना मात्र निसरड्या बर्फासाठी टोकदार खिळ्यांचे नाल ठोकलेले असत. १९ डिसेंबरला रूझा नदीकाठी पालाश्किनो गावाजवळ दोवातोर मशिनगनच्या माऱ्यात ठार झाले. त्यांच्या घोडदळ कोअरची, म्हणजे अनेक डिव्हिजन मिळून झालेल्या फौजेची, सूत्रं प्लियेव यांच्याकडे आली.

वर्षभराने, नोव्हेंबर १९४२मध्ये, स्टालिनग्राडला जर्मन सेनेभोवती वेढा आवळला गेला त्यात प्लियेव यांची ३ री गार्ड घोडदळ कोअर होती. डॉन नदीच्या क्लेत्स्काया मोर्च्यावरून पायदळाने भगदाड पाडलं आणि रणगाड्यांच्या बरोबरीने घोडदळ त्यातून आत शिरलं. १९ नोव्हेंबरला हल्ला सुरू झाला आणि २३ तारखेला वेढा पूर्ण झाला. रणगाडे पुढे धावत आणि मागच्या मोकळ्या जागेत पायदळ पोचेपर्यंत घोडदळ ती जागा धरून ठेवी. पुढे याच विचारातून एक नवी युद्धरचना पक्की झाली, आणि प्लियेव तिचे सर्वांत अनुभवी सेनापती ठरले.

तिचं नाव घोडदळ-यांत्रिक गट. एक घोडदळ कोअर आणि एक यांत्रिक किंवा रणगाडा कोअर एकाच सेनापतीच्या हाताखाली. ऐकायला ही जोडी विजोड वाटते, पण तिच्यामागचा हिशेब साधा होता. १९४३–४४मध्ये सोव्हिएत कारखान्यांतून रणगाडे भरपूर येत होते, पण रणगाड्यांबरोबर जाणाऱ्या पायदळाला वाहून नेण्याइतके ट्रक सगळीकडे पुरत नव्हते. रणगाडे एकटे पुढे गेले की रात्री, गावात, झाडीत त्यांना सांभाळायला माणसं हवीत. घोडदळ ही अशी माणसं होती जी रणगाड्यांच्या वेगाच्या जवळपास चालू शकत आणि सडक सोडूनही चालू शकत. रणगाड्यांनी फटका मारायचा, स्वारांनी जंगल, नदीकाठ, पूल आणि गावं ताब्यात घ्यायची.

या गटाची खरी परीक्षा मार्च १९४४मध्ये दक्षिण युक्रेनमध्ये झाली. बर्फ वितळण्याचे दिवस. तिथली काळी माती ओली झाली की गाडीचं चाक आसापर्यंत रुतून बसतं आणि माणसाचा बूट पायातून निघून येतो. जर्मन सेनापतींचा अंदाज होता की अशा दिवसांत कुणी मोठी चढाई करणार नाही. जनरल मालिनोव्स्की यांच्या तिसऱ्या युक्रेन आघाडीने नेमके तेच दिवस निवडले. प्लियेव यांच्याकडे कुबान कोसॅकांची ४ थी गार्ड घोडदळ कोअर आणि ४ थी गार्ड यांत्रिक कोअर होती. भगदाडातून शिरून त्यांनी ८ मार्चला नोव्ही बुग घेतलं, निकोलाएव्हकडे जाणारा लोहमार्ग तोडला आणि तिथून दक्षिणेला वळून जर्मन ६ व्या सेनेच्या पाठीमागे उतरले. त्या सेनेचं मुख्यालय नोव्ही बुगमधून कसंबसं निसटलं. ट्रक चिखलात अडकले तेव्हा तोफगोळे आणि रसद घोड्यांच्या पाठीवरून पुढे गेली. जर्मनांच्या तोफा आणि गाड्या मात्र हजारोंनी त्याच चिखलात सोडून द्याव्या लागल्या.

४ एप्रिलला त्यांनी राझ्देल्नाया जंक्शन घेतलं. ओडेसातून पश्चिमेकडे जाणारा लोहमार्ग तिथे तुटला, म्हणजे शहरातल्या जर्मन फौजेची सुटकेची मुख्य वाट बंद झाली. तिथून स्वार द्निएस्तर नदीकाठी बेल्याएव्का गावाकडे वळले. ओडेसाचं पाणी याच गावातून येतं. तिथली जलकेंद्रं शाबूत हाती लागणं शहरातल्या लाखो लोकांसाठी जीवनमरणाचा प्रश्न होता. १० एप्रिलला ओडेसा मुक्त झालं आणि १६ एप्रिलला प्लियेव यांना ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा किताब मिळाला. यांत्रिक कोअरचे सेनापती त्रोफिम तानास्चिशिन मात्र ३१ मार्चलाच विमानहल्ल्यात गेले होते.

जून १९४४मध्ये बेलारूसमधली प्रचंड चढाई सुरू झाली आणि प्लियेव यांना त्यांच्या स्वभावाला साजेसा मुलूख मिळाला. प्रिप्यात नदीच्या खोऱ्यातला दलदली प्रदेश, जंगलं, लहान लहान नद्या आणि मोजक्या सडका. बातोव्ह यांच्या ६५ व्या सेनेने बोब्रुइस्कच्या दक्षिणेला फळी फोडली आणि प्लियेव यांचा गट आत सोडला गेला. ३० जूनला स्लुत्स्क आणि २ जुलैला स्तोल्ब्त्सी पडलं. मिन्स्कमधून नैर्ऋत्येला जाणारी सडक आणि लोहमार्ग बंद झाले. दुसऱ्या दिवशी मिन्स्क मुक्त झालं आणि शहराच्या पूर्वेला सुमारे लाखभर जर्मन सैनिक कोंडले गेले. त्यांच्यातले बहुतेक बाहेर पडू शकले नाहीत, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे मागच्या वाटा आधीच बंद झाल्या होत्या.

प्रत्येक डाव असा साधला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात हंगेरीच्या सपाट मैदानात देब्रेत्सेनची लढाई झाली. देब्रेत्सेन घेतल्यावर प्लियेव यांचा गट वेगाने उत्तरेला न्यिरेज्हाझापर्यंत गेला. दोन्ही बाजूंनी जर्मन रणगाडे आले आणि मागची वाट तोडली गेली. शहर पुन्हा जर्मनांच्या हाती पडलं आणि प्लियेव यांच्या फौजेला रणगाडे, तोफा आणि माणसं गमावून बाहेर पडावं लागलं. मोकळ्या मैदानात, सडकांचं जाळं असलेल्या मुलखात शत्रूचे रणगाडेही तितकेच चपळ असतात. सोव्हिएत काळातल्या गौरवग्रंथांत हा भाग घाईघाईत उरकलेला दिसतो. मला मात्र वाटतं, या सेनापतीची जात समजून घ्यायला ओडेसाइतकंच न्यिरेज्हाझाही वाचायला हवं.

युरोपातलं युद्ध संपलं तेव्हा त्यांचा गट चेकोस्लोव्हाकियात होता. तिथून त्यांना थेट पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पाठवण्यात आलं. मालिनोव्स्की आता ट्रान्सबैकाल आघाडीचे सरसेनापती होते आणि ८ ऑगस्ट १९४५ला सोव्हिएत संघाने जपानविरुद्ध युद्ध पुकारलं. मुख्य सेना मांचुरियावर चालून जाणार होत्या. त्यांच्या उजव्या बाजूला, गोबीच्या वाळवंटातून दोलोन्नोर आणि काल्गान या शहरांच्या दिशेने सोव्हिएत-मंगोल घोडदळ-यांत्रिक गट जाणार होता, आणि त्याचे सेनापती प्लियेव. मंगोल घोडदळ डिव्हिजन, सोव्हिएत घोडदळ, रणगाडे आणि मोटारगाड्यांवरचं पायदळ अशी ती मिश्र फौज होती. मंगोल सैनिकांपुढे उभं राहताना त्यांना परकेपणा वाटायचं कारण नव्हतं. त्यांच्या अधिकाऱ्यांना शिकवण्यात प्लियेव यांची दोन वर्षं गेली होती.

गोबीत शत्रूपेक्षा पाणी मोठं संकट होतं. एका घोड्याला साध्या दिवशीही तीस-चाळीस लिटर पाणी लागतं आणि ऑगस्टच्या वाळवंटी उन्हात त्याहून जास्त. अशी हजारो घोडी, शिवाय माणसं आणि पुन:पुन्हा तापणारी इंजिनं. विहिरी विरळ, काही कोरड्या, आणि पहिली तुकडी पिऊन गेली की मागच्या तुकडीला गाळच उरे. म्हणून पाण्याच्या ट्रकांचा हिशेब दारूगोळ्याइतक्याच काटेकोरपणे ठेवावा लागला. स्थापत्य पथकं पुढे जाऊन विहिरी शोधत, उपसत, नव्या खणत. मोटारवाली तुकडी पुढे धावे, मंगोल स्वार आपल्या काटक घोड्यांवरून रुंद फळी धरून चालत. युक्रेनमध्ये चिखल होता, इथे वाळू होती, पण विचार तोच: शत्रूला ज्या दिशेने मोठी फौज येईल असं वाटत नाही, तिथून यायचं.

समोर जपान्यांच्या बाजूने लढणारी आतल्या मंगोलियाच्या राजपुत्राची घोडदळं होती. ती फारशी टिकली नाहीत. १४ ऑगस्टला दोलोन्नोर पडलं. १५ तारखेला जपानच्या सम्राटाने शरणागती जाहीर केली, पण काल्गानच्या अलीकडच्या डोंगरखिंडीतल्या तटबंद्यांमध्ये लढाई पुढेही काही दिवस चालली. तिथल्या जपानी सेनापतीने, हिरोशी नेमोतो यांनी, शस्त्रं ठेवायला नकार दिला होता, कारण काल्गानमधून सुमारे चाळीस हजार जपानी नागरिकांना रेल्वेने हलवायचं काम चालू होतं. ते लोक सुटले. तोवर खिंडीत दोन्ही बाजूंचे सैनिक, युद्ध संपल्याची घोषणा झालेली असताना, मरत राहिले. ८ सप्टेंबर १९४५ला प्लियेव यांना वीरपदकाचा दुसरा सुवर्णतारा मिळाला. ‘गोबी आणि खिंगान ओलांडून’ अशा अर्थाच्या नावाचं त्यांचं पुस्तक १९६५मध्ये आलं.

युद्धानंतर घोडदळाचे दिवस भरले. अणुबॉम्ब आला, ट्रक मुबलक झाले आणि पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत सोव्हिएत घोडदळ जवळपास संपूर्ण मोडीत काढलं गेलं. प्लियेव मात्र वर चढत गेले. एकामागून एक सेनांचं नेतृत्व केल्यावर १९५८मध्ये ते उत्तर कॉकेशस सैनिकी विभागाचे प्रमुख झाले आणि एप्रिल १९६२मध्ये त्यांना ‘आर्मी जनरल’ हा हुद्दा मिळाला.

आणि मग जून १९६२. त्यांच्या विभागातल्या नोवोचेरकास्क शहरात रेल्वेची विजेवर चालणारी इंजिनं बनवणारा मोठा कारखाना होता. १ जूनला देशभर मांसाचे भाव सुमारे तीस टक्क्यांनी आणि लोण्याचे पंचवीस टक्क्यांनी वाढले. त्याच सुमारास कारखान्यात कामाचे दर कमी केले गेले होते. कामगारांनी काम बंद पाडलं. दुसऱ्या दिवशी हजारो लोक, बायका-मुलांसह, हातात लाल झेंडे आणि लेनिनची चित्रं घेऊन शहराच्या मध्याकडे निघाले. तुझ्लोव्ह नदीच्या पुलावर रणगाडे उभे होते. तिथली जबाबदारी होती प्लियेव यांचे उपप्रमुख जनरल मात्वेई शापोश्निकोव्ह यांच्यावर. ते रणगाडा दलातले, युद्धातले वीरपदकधारी. रणगाडे वापरून मोर्चा अडवण्याचा प्लियेव यांचा आदेश आपण मानला नाही, असं शापोश्निकोव्ह यांनी पुढे सांगितलं. समोर शत्रू दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. लोक रणगाड्यांवरून चढून पुढे गेले. पण चौकात पोचलेल्या जमावावर गोळीबार झाला. सव्वीस माणसं मेली. प्रेतं रात्रीतून दूरच्या निरनिराळ्या स्मशानांत गुपचूप पुरली गेली आणि नंतरच्या खटल्यांत सात जणांना मृत्युदंड देण्यात आला. पक्षाचे बडे नेते त्या दिवशी शहरात हजर होते आणि निर्णयाची मुख्य जबाबदारी त्यांचीच. तरी विभागाचा लष्करी प्रमुख म्हणून प्लियेव यांना त्यातून मोकळं सोडता येत नाही. त्याच दिवशी, त्याच सैन्यात, त्यांच्या लगतच्या हुद्द्यावरच्या माणसाने वेगळा रस्ता निवडून दाखवला होता.

महिन्याभरात प्लियेव क्युबाला निघाले. क्षेपणास्त्रांची मोहीम घोडदळाच्या माणसाकडे का, हा प्रश्न तेव्हा खुद्द सोव्हिएत क्षेपणास्त्र दलातही विचारला गेला, कारण तिथल्या एका जनरलचं नाव आधी पुढे आलं होतं. उत्तराचा एक भाग असा की ओडेसात आणि गोबीत ज्यांच्या हाताखाली प्लियेव लढले ते मालिनोव्स्की आता संरक्षणमंत्री होते. अनोळखी मुलखात, नाना प्रकारच्या फौजा एकत्र घेऊन, मुख्य सेनेपासून तुटलेला असताना डोकं शांत ठेवू शकणारा सेनापती त्यांना हवा होता, आणि असा माणूस त्यांच्या पूर्ण ओळखीचा होता.

मोहिमेला सायबेरियाच्या पलीकडल्या थंड नदीचं, अनादिरचं, नाव दिलं होतं. शत्रूच्या हेरांनी फसावं म्हणून जहाजांवर बर्फातल्या सरावाचं सामान आणि लोकरी कोटही चढवले गेले. सैनिक साध्या चौकडीच्या सदऱ्यांत, तापलेल्या जहाजांच्या तळघरांत कोंडून अटलांटिक ओलांडून आले. बेट मात्र त्यांना वाळवंटापेक्षाही अवघड गेलं. दमट उष्मा, ताडांच्या विरळ झाडीत न लपणारी अवाढव्य क्षेपणास्त्रं आणि स्वतः सेनापतीला मूत्रपिंडाचं जुनं दुखणं. चिखलात किंवा जंगलात फौज लपवणं प्लियेव यांना जमत होतं, पण उंचावरून फोटो काढणाऱ्या विमानापासून वीस मीटर लांबीचं क्षेपणास्त्र लपवणं त्यांना साधलं नाही. १४ ऑक्टोबरला अमेरिकन विमानाने ते टिपलं आणि २२ तारखेला केनेडी यांनी जगाला सांगितलं.

त्या रात्री मॉस्कोहून प्लियेव यांना हुकूम आला: फौज सज्ज ठेवा, पण अण्वस्त्रं वगळून. त्याआधी काही काळ, हल्ला झालाच आणि मॉस्कोशी संपर्क तुटला तर छोट्या पल्ल्याची अण्वस्त्रं वापरायची मोकळीक त्यांना द्यायची की काय, याचा विचार वरच्या पातळीवर चालू होता. २७ ऑक्टोबरला पुन्हा बजावलं गेलं: मॉस्कोच्या परवानगीशिवाय अजिबात नाही. त्याच दिवशी सोव्हिएत क्षेपणास्त्राने अमेरिकेचं यू-२ विमान पाडलं आणि वैमानिक मेजर रुडॉल्फ अँडरसन मरण पावले. तो निर्णय प्लियेव यांच्या गैरहजेरीत त्यांच्या हाताखालच्या दोन जनरलांनी घेतला होता. मॉस्कोची नाराजी आली ती प्लियेव यांच्याकडे. दुसऱ्या दिवशी ख्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रं परत न्यायचं कबूल केलं.

क्युबात छोट्या पल्ल्याची अण्वस्त्रं पोचलेली आहेत हे अमेरिकेला त्या वेळी ठाऊक नव्हतं. ते उघडपणे कळलं १९९२मध्ये, हवानात जुन्या अधिकाऱ्यांची परिषद भरली तेव्हा. बेटावर फक्त आठ-दहा हजार रशियन आहेत असा अमेरिकेचा अंदाज होता. प्रत्यक्षात ते त्याच्या चौपट होते. केनेडींच्या सेनापतींनी आग्रह धरल्याप्रमाणे बेटावर चढाई झाली असती, तर ती थेट या शस्त्रांच्या तोंडाशी गेली असती. जन्मभर भगदाड दिसलं की आत घुसायची सवय असलेल्या माणसाने त्या दिवसांत अण्वस्त्रांना हात न लावता हुकूम पाळला, हे मी त्यांच्या दोन सुवर्णताऱ्यांच्या बरोबरीचं मानतो. इथे आज्ञापालनाने लक्षावधी जीव वाचवले. चार महिन्यांपूर्वी नोवोचेरकास्कमध्ये त्याच आज्ञापालनाने उलट काम केलं होतं.

१९६८मध्ये प्लियेव सक्रिय नेमणुकीतून बाजूला झाले आणि ६ फेब्रुवारी १९७९ला मॉस्कोत वारले. त्यांना व्लादिकावकाझमध्ये दफन करण्यात आलं. ओसेती लोकांना त्यांचा अभिमान आहे आणि तो सार्थ आहे. शापोश्निकोव्ह यांना मात्र १९६७मध्ये पक्षातून काढून टाकण्यात आलं आणि त्यांचं नाव १९८८मध्येच पुन्हा स्वच्छ झालं. सोव्हिएत घोडदळाचा सर्वांत कसलेला सेनापती म्हणून प्लियेव यांची जागा पक्की आहे, पण त्यांचं चरित्र लिहिणाऱ्याने नोवोचेरकास्कचं प्रकरण गाळलं, तर वाचकाने ते पुस्तक अपुरं समजावं.